तुटलेला बोल्ट आणि त्यानंतरचा अर्धा तास

पान्याला जोर देताना एक क्षण असा येतो की हाताला अचानक मऊपणा जाणवू लागतो. इतका वेळ हटून बसलेला बोल्ट अखेर सुटला, या कल्पनेने मन हलके होते. आणि पुढच्याच क्षणी ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन बोल्टचे डोके सॉकेटसह हातात येते. उरलेला बोल्ट इंजिनातच राहतो. तो मऊपणा म्हणजे आटे सुटत असल्याची खूण नव्हती, आतले पोलाद पीळ खाऊन ताणले जात होते, हे तेव्हा ध्यानात येते. तोवर उशीर झालेला असतो.

मार्चच्या अखेरच्या शनिवारी मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजात नेमके हेच घडले. गाडी बारा वर्षांची, चार सिलिंडरची. थंडीत सकाळी सुरू करताच इंजिनातून शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकू येई आणि पाच-सात मिनिटांत इंजिन तापले की ती नाहीशी होई. सिलिंडरांतून बाहेर पडणारे जळके वायू गोळा करून सायलेन्सरच्या नळीकडे नेणारा जो बिडाचा भाग, त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. तो आणि इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे हेड यांच्यामधून वायू गळत असल्याचे हे नेहमीचे लक्षण होय. तापल्यावर धातू फुगतो, फट बुजते, आवाज थांबतो. मधले गॅस्केट बदलण्यासाठी मॅनिफोल्डचे नऊ बोल्ट काढावयाचे होते. आठ सुटले. नववा, इंजिनाच्या अगदी मागच्या कोपऱ्यातला, हेडच्या पृष्ठभागाशी समपातळीत तुटला.

बोल्ट तुटल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्यानंतरच्या अर्ध्या तासात, असे माझे मत अनुभवांती बनले आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गाडीच्या पाण्याच्या पंपाचा बोल्ट तुटला, तेव्हा मी त्याच दुपारी, त्याच रागात, हाताशी होते ते ड्रिल उचलले आणि एका क्षुल्लक बोल्टाचे रूपांतर रात्रीपर्यंत शेकडो डॉलरांच्या कामात करून ठेवले. त्याची हकीकत पुढे येईलच. या वेळी मी पाना खाली ठेवला, हात धुतले आणि घरात जाऊन चहा घेतला. इंजिन कोठे पळून जाणार नव्हते.

एका बोल्टासाठी एवढा खटाटोप कशाला, आठ बोल्टांवर मॅनिफोल्ड बसवून टाकावे, असा सल्ला या प्रसंगी कोणीतरी देतोच. तो स्वीकारू नये. मॅनिफोल्डमधून जाणारा वायू अजून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचलेला नसतो, म्हणजे त्यातील कार्बन मोनॉक्साईड जसाच्या तसा असतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. मागच्या कोपऱ्यातली गळती प्रवाशांच्या कक्षाला लागून असलेल्या पत्र्याजवळ असते आणि हिवाळ्यात सर्व काचा बंद असतात. शिवाय त्या फटीतून बाहेरची हवाही आत ओढली जाते, ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा सेन्सर फसतो आणि इंजिन गरजेपेक्षा अधिक पेट्रोल पिऊ लागते. मिशिगनमध्ये गाड्यांची ठराविक मुदतीने सक्तीची तपासणी होत नाही. ही गळती आपण होऊन आपल्या नजरेस कोणी आणून देणार नाही.

बोल्ट तुटला का, याचे पहिले उत्तर मीठ हे आहे. डेट्रॉईट शहराच्या पोटात सुमारे १२०० फूट खोल मिठाची प्रचंड खाण आहे आणि तेथून निघणारे मीठ हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवण्यासाठी आजही पसरले जाते. ज्या शहराने अमेरिकेला मोटारी दिल्या, त्याच शहराच्या खालून त्या मोटारींना कुरतडणारे मीठ वर येते. मीठ विरघळलेले पाणी विजेचे उत्तम वाहक असते. पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड यांच्यामध्ये ते शिरले की दोन धातू आणि मध्ये खारे पाणी अशी एक छोटी विद्युतघटमालाच तयार होते. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतो आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. पोलादाचा तांबडा गंज निराळाच. तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधली मोकळी जागा मुळात केसाएवढी. तीत गंज भरला की बोल्ट जणू सिमेंटमध्ये रोवल्यासारखा होतो.

दुसरे कारण उष्णतेचे. तेवढ्याच तापमानवाढीला अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. बिडाचा मॅनिफोल्ड तर हेडपेक्षा कितीतरी अधिक तापतो. गाडी सुरू केली की हे तीन धातू आपापल्या चालीने फुगतात, बंद केली की आकसतात, आणि ही ओढाताण टोकाच्या बोल्टांना सर्वांत अधिक सोसावी लागते, कारण मॅनिफोल्डच्या मध्यापासून ते सर्वांत दूर असतात. बारा वर्षांत हजारो वेळा हे घडले. मागचा बोल्ट तुटला यात नवल नव्हते.

तिसरे कारण मी स्वतः. हा बोल्ट एम-८ मापाचा, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा. अशा साध्या दर्जाच्या बोल्टला आवळताना सुमारे २५ न्यूटन-मीटर इतका पीळ दिला जातो. अर्धा मीटर लांबीचा दांडा घेतला तर त्याच्या टोकाला पाच किलोचा जोर पुरे. त्याच दांड्याला दहा किलोने ओढले की पीळ दुप्पट होतो, आणि गंजाने खाल्लेला बोल्ट तिथे टिकत नाही. दहा किलो म्हणजे किती, तर किराणा आणताना एका हातात असतो तेवढा भार. लांब दांड्यामुळे जोर वाढतो खरा, पण बोल्ट काय सांगतो आहे ते हाताला कळेनासे होते. बोल्ट थोडा हलला की लगेच पुन्हा आवळावा, पुन्हा सोडवावा, तेलाचा थेंब सोडावा. असे पुढे-मागे करीत आट्यांतला गंज भुगा होऊन बाहेर येऊ द्यावा. मी एकाच दिशेने ओढत राहिलो.

चहा झाल्यावर मॅनिफोल्ड उतरवून, दिवा आणि छोटा आरसा घेऊन तुकडा नीट पाहिला. अशा वेळी काही प्रश्नांची उत्तरे हातात हत्यार घेण्यापूर्वीच मिळवावी लागतात. तुकडा पृष्ठभागाच्या वर आहे, समपातळीत आहे की आत? ज्यात तो अडकला आहे ते छिद्र तळाशी बंद आहे, की पलीकडे पाण्याच्या वा तेलाच्या वाटेत उघडते? ते किती खोल आहे? (शेजारचा साबूत बोल्ट मोजला की हे कळते.) ड्रिल सरळ धरता येईल एवढी जागा समोर आहे का? आणि या साऱ्यांहून महत्त्वाचे: आता जो उपाय करणार, तो फसला तर पुढच्या उपायाची वाट खुली राहील का? तेल, उष्णता आणि वेल्डिंग यांनी वाट खुली राहते. ड्रिलने ती अरुंद होते. आत तुटलेल्या एक्स्ट्रॅक्टरने ती जवळजवळ बंदच होते. म्हणून क्रमही तोच ठेवावा.

तुकडा पाच-सहा मिलिमीटर जरी वर असता, तरी काम सोपे होते. दातेरी ग्रिप पक्कड घट्ट बसवून, तापवून, पुढे-मागे हलवीत तो बहुधा निघतो. किंवा त्याच्या दोन बाजू कानशीने सपाट करून त्यावर पाना बसवता येतो. माझ्या वाट्याला हे नव्हते.

पहिला उपाय तेलाचा. येथे घरोघरी असणारा डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा प्रत्येकाला आठवतो. पण त्याचे नावच त्याचे मूळ काम सांगते: ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणारे, चाळिसावे सूत्र. १९५३ साली सॅन डिएगो येथे ते तयार झाले, ते क्षेपणास्त्रांच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. गंजलेल्या आट्यांत खोल झिरपण्यासाठी त्याहून पातळ तेले खास मिळतात. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मे निम्मे मिसळून केलेले घरगुती मिश्रणही अनेक जाणकार वापरतात. ते तत्काळ पेट घेते, एवढे भान ठेवून. कोणतेही तेल घेतले तरी खरा घटक वेळ हा आहे. संध्याकाळी थेंब सोडावा, सेंटर पंच ठेवून हातोडीने तुकड्याला हलके ठोके द्यावेत, रात्रभर सोडून द्यावे, सकाळी पुन्हा तेच करावे. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरते. मी हे रविवारी दिवसभर आणि पुढे शुक्रवारपर्यंत रोज केले. कामावर जायला तोवर शेजाऱ्यांची गाडी होती. ही सोय नसेल तर असे काम लांब सुट्टीच्या आरंभीच हाती घ्यावे.

दुसरा उपाय उष्णतेचा. याविषयी एक गैरसमज फार रुजलेला आहे. छिद्राभोवतीचा धातू तापवला तर तो आतल्या बाजूनेही फुगेल आणि छिद्र लहान होईल, असे पुष्कळांना वाटते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. धाव तापवली की तिचा घेर वाढतो, ती लाकडी चाकावर सहज बसते आणि पाणी ओतताच आकसून चाकाला आवळते. छिद्राचेही तसेच होते. त्यात धातू भरलेला असता तर जेवढा फुगला असता, तेवढेच ते मोठे होते. म्हणून बोल्टपेक्षा त्याच्या भोवतीचे अ‍ॅल्युमिनियम तापवावे. ८ मिलिमीटरच्या छिद्रात १०० अंश सेल्सिअसच्या वाढीने बोल्टच्या आणि छिद्राच्या व्यासांत पडणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही थोडा कमी भरतो. आकडा हास्यास्पद वाटेल, पण गंजाचा कवचासारखा थर फोडायला तो पुरतो. नंतर गरम आट्यांच्या कडेला मेणबत्तीचे मेण टेकवावे. वितळलेले मेण केशाकर्षणाने आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते.

उष्णता देताना दोन गोष्टी विसरू नयेत. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतो आणि हेडसाठी वापरतात ते मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतात. पोलादासारखा लाल होऊन तो इशारा देत नाही. आता आहे आणि आता ओघळला, असे होते. म्हणून ज्योत एका जागी स्थिर धरू नये. दुसरी गोष्ट जिवाची आहे. भाग स्वच्छ करण्यासाठी ब्रेक क्लीनरचा फवारा मारण्याची सवय अनेकांना असते. त्याच्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असते. ज्योत किंवा वेल्डिंगची ठिणगी यांच्या सान्निध्यात त्यापासून फॉस्जीन तयार होऊ शकतो, तोच वायू जो पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला. जेथे आच लावायची, तेथे ब्रेक क्लीनर मुळीच आणू नये. आधी वापरलेले तेल फडक्याने पुसून काढावे, इंधनाच्या नळ्या आणि वायरी ओल्या फडक्यांनी झाकाव्यात, अग्निशामक हाताशी ठेवावा आणि गॅरेजचे दार उघडे असावे.

तेल झाले, आच झाली. तुकडा समपातळीत असल्याने धरायला मात्र काहीच नव्हते. येथे तिसरा उपाय येतो आणि माझ्या मते तोच सर्वांत गुणकारी आहे. तुटलेल्या तुकड्यावर एक वॉशर ठेवायचा, वॉशरवर एक नट, आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करीत तुकडा व नट एकजीव करायचे. पोलादाचा रस अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, आणि वॉशरमुळे हेडला ठिणगीची झळही कमी लागते. या उपायात दोन कामे एकदमच होतात. पकडायला नवे डोके मिळते. आणि बोल्ट आतून प्रचंड तापून पुन्हा थंड होताना आकसतो, तेव्हा गंजाशी त्याची पकड सुटते. पुष्कळदा हे दुसरेच काम निर्णायक ठरते.

वेल्डिंग माझ्या हातचे नव्हे. पुण्यात असतो तर कोपऱ्यावरच्या वेल्डरने कानामागची विडी न काढता दोन टाके मारून दिले असते. येथे फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम करणारा एक ओळखीचा गृहस्थ शनिवारी आपले मिग वेल्डिंगचे यंत्र घेऊन आला. त्याने प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवायला लावली, म्हणजे वेल्डिंगचा प्रवाह भरकटून गाडीच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना इजा होऊ नये, आणि यंत्राची अर्थिंगची पक्कड तुकड्याच्या शक्य तितकी जवळ लावली. पहिला नट अर्ध्या फेऱ्यातच तुटून हातात आला. दुसराही. मी हताश झालो, पण त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. अशा कामात दोन-तीन नट जातातच, असे तो म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्याने टाका अधिक वेळ धरला, नटाची लाली पूर्ण मावळेपर्यंत आम्हा दोघांनाही हात लावू दिला नाही, आणि मग लहान पान्याने किंचित आवळण्याच्या दिशेने जोर दिला. सोडवण्याच्या नव्हे, आवळण्याच्या. एक बारीक कर्रर् आवाज झाला. त्यानंतर पुढे-मागे, पुढे-मागे करीत, मधूनमधून तेल सोडत, वीस मिनिटांत तुकडा बाहेर आला. त्याच्या आट्यांत पांढरी भुकटी भरली होती.

वेल्डिंगची सोय नसेल, किंवा तुकडा इतका आत असेल की नट पोहोचत नाही, तर ड्रिलला पर्याय उरत नाही. येथे खरा धोका हा की बोल्ट पोलादाचा आणि भोवतीचे हेड मऊ अ‍ॅल्युमिनियमचे. ड्रिलचे टोक जरा मध्यापासून ढळले की ते कठीण सोडून मऊकडे सरकते आणि बोल्टऐवजी इंजिनच पोखरले जाते. तुटलेला पृष्ठभाग कधीच सपाट नसतो. तो आधी छोट्या घासयंत्राने सपाट करावा, मग सेंटर पंचाने मध्य ठोकावा, भिंगातून पाहावा, चुकला असेल तर तिरपा ठोका देऊन सुधारावा. या एका खुणेवर अर्धा तास घालवला तरी तो वाया जात नाही. ड्रिल सरळ राहावे म्हणून शेजारच्या छिद्रांत बोल्ट लावून एक पोलादी पट्टी बसवता येते आणि तिच्यातल्या छिद्रातून ड्रिल चालवता येते. मॅनिफोल्डचाच असा उपयोग करता येतो: तो दोन बोल्टांवर तात्पुरता बसवून त्याच्या छिद्रात आतून ३ मिलिमीटर पोकळ असलेली एक नळी सरकवली की मध्य आपोआप साधतो.

ड्रिलचे पाते शक्य तर डावखुरे घ्यावे, म्हणजे उलट्या दिशेने कापणारे. साधे पाते फिरताना बोल्टला आणखी आवळत जाते; डावखुरे पाते त्याला सोडवण्याच्या दिशेने ओढते. आधी ३ मिलिमीटर, मग ५. वेग मंद, दाब भरपूर, कापणीचे तेल सतत. पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी, नाही तर छिद्राच्या तळापलीकडच्या पाण्याच्या वाटेत शिरायला वेळ लागत नाही. पुष्कळदा ५ मिलिमीटरच्या पात्याला पकड मिळताच आतून पोकळ झालेला तुकडा त्याच्याबरोबरच फिरून बाहेर येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता ती जुनी हकीकत. हत्यारांच्या दुकानात एक्स्ट्रॅक्टर नावाची निमुळती, उलट्या पिळाची काडी मिळते. बोल्टला छिद्र पाडायचे, तीत ही काडी ठोकायची आणि उलटी फिरवायची, की बोल्ट निघतो, असे वेष्टनावरचे चित्र सांगते. चित्रात नसते ते असे: निमुळती काडी जसजशी आत रुतते, तसतशी ती पोकळ बोल्टच्या भिंतीला बाहेर ढकलते आणि जो बोल्ट आधीच जाम आहे त्याला आणखी जाम करते. शिवाय ही काडी अतिशय कठीण आणि म्हणूनच ठिसूळ पोलादाची असते. पाण्याच्या पंपाच्या बोल्टमध्ये मी ती ठोकली, डोक्याचा बोल्ट ज्या जोराने तुटला होता त्याहून अधिक जोर लावला आणि ती आतल्या आत मोडली. साधे ड्रिल तिच्यावर नुसते घसरते. अखेर तो भाग उतरवून विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्राकडे, मशीन शॉपमध्ये, न्यावा लागला. ज्या बोल्टला पोलादी डोके असताना सोडवता आले नाही, त्याला त्याच्या एक तृतीयांश जाडीची काडी कशी सोडवणार, हा प्रश्न मी स्वतःला त्या दुपारी विचारला नव्हता. बोल्ट गंजाने जाम नसून केवळ अधिक आवळल्याने तुटला असेल, तर एक्स्ट्रॅक्टर उपयोगी पडतो. गंजलेल्या एक्झॉस्टच्या बोल्टसाठी त्याच्या वाटेला न जाणे बरे.

ड्रिल मध्यावर राहिले असेल तर मोठी पाती वापरत एम-८ च्या बोल्टसाठी साडेसहा मिलिमीटरपर्यंत जावे. मग बोल्टचे उरलेले आटे स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखे टोकदार सुईने उपटून काढता येतात आणि मूळ आटे वाचतात. मध्य ढळलाच, आटे गेलेच, तर छिद्र ८.३ मिलिमीटरचे करून त्यात खास टॅपने नवे आटे पाडतात आणि तारेच्या वेटोळ्याचा तयार आटा, ज्याला हेलिकॉइल म्हणतात, बसवतात. ही तडजोड आहे असे समजू नये. मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा हा पोलादी आटा पुष्कळदा अधिक टिकाऊ ठरतो.

कोठे थांबावे, हेही आधीच ठरवलेले बरे. मी मनाशी दोन मर्यादा आखल्या होत्या: तीनदा वेल्डिंग, आणि त्यानंतर ड्रिलच्या वाटेला न जाता काम दुसऱ्याच्या हाती देणे. मागच्या कोपऱ्यात ड्रिल सरळ धरायला जागा नव्हती आणि तिरपे धरून मला हेड गमवायचे नव्हते. तुटलेले बोल्ट काढण्याचाच धंदा करणारे आणि साहित्य घेऊन घरी येणारे कारागीर या भागात आहेत. ज्या गॅरेजने मला हेड उतरवण्याचा अंदाज दिला, तो गाडीच्या उरलेल्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. या दोन टोकांच्या मध्ये कारागिराची मजुरी कोठेतरी बसते, हे ठाऊक असले की रात्री दहा वाजता आणखी एकदा जोर लावून पाहण्याचा मोह आवरतो.

जोडणीबद्दल थोडे. छिद्रातला भुगा व्हॅक्यूमने ओढून घ्यावा आणि आटे साफ करण्याचे खास हत्यार फिरवावे. कापणारा टॅप फिरवला तर चांगला धातूही खरवडला जातो. तळाशी बंद असलेल्या छिद्रात तेल साठू देऊ नये. बोल्ट आवळताना द्रव दाबला जात नाही आणि त्या दाबाने हेडला तडा जाऊ शकतो. नऊच्या नऊ बोल्ट नवे घ्यावेत, कारण सुटलेल्या आठांनीही तीच बारा वर्षे काढलेली असतात.

येथे अमेरिकेतल्या दुकानांचा एक सापळा आहे. गाड्यांचे बोल्ट आता मेट्रिक मापाचे असले, तरी शेजारच्याच कप्प्यात इंची बोल्ट असतात आणि ५/१६ इंचाचा बोल्ट दिसायला हुबेहूब एम-८ सारखा असतो. व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे फरक डोळ्यांना दिसण्याजोगा नाही. पण त्याच्या आट्यांमधले अंतर वेगळे. तो एक-दोन फेरे गुण्यागोविंदाने आत जातो आणि मग अडतो, आणि तेथे कोणी जोर लावला की नुकतेच वाचवलेले आटे जातात. नवा बोल्ट पान्याशिवाय, बोटांनी, शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

टॉर्क पान्याविषयीही एक समजून घ्यावे. आपण लावलेल्या पिळापैकी साधारण दहा टक्केच भाग बोल्टला ताणून दोन भाग एकत्र धरण्याच्या कामी येतो. बाकीचा सारा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. जाम होऊ नये म्हणून आट्यांना निकेलयुक्त अँटी-सीझ लावले की घर्षण घटते, आणि पुस्तिकेतला कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तसाच वापरला तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. म्हणून तो आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या, हे पाहावे, आणि कोरड्यासाठी असल्यास पीळ काहीसा कमी करावा. आवळणी मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत करावी. टोकांपासून सुरुवात केली तर मधला भाग उचललेला राहतो.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना गाडी गॅरेजच्या बाहेर, मोकळ्यावर काढावी. मॅनिफोल्डवर सांडलेले तेल, मेण आणि बोटांचे ठसे जळून दहा-पंधरा मिनिटे चांगलाच धूर येतो, आणि तो पाहून घाबरण्याचे कारण नसते. गळती तपासावी ती मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, बॉनेट उघडे ठेवून, कारण तापलेले इंजिन या बाबतीत खोटे बोलते. रविवारी सकाळी तापमान शून्याच्या खाली दोन अंश होते. पत्नीने किल्ली फिरवली, मी पुढे उभा राहून ऐकत होतो. पंख्याचा आणि पट्ट्याचा आवाज तेवढा होता. शंभर-दीडशे मैल चालवून झाल्यावर, पुन्हा थंड इंजिनावर, नऊही बोल्टांना टॉर्क पाना लावून पाहिला. मागच्या कोपऱ्यातला हलला नाही. मधले दोन किंचित फिरले.